अण्णांचं नाक आणि पांढरीची पीयूसी

थांबा थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलंच पाहिजे. गॅसवर दूध असेल तर बंद करून या. संध्याकाळपर्यंत थांबले तर मी निम्मं विसरेन आणि उरलेल्याला तिखटमीठ लावेन, म्हणून साताऱ्यातल्या एका पीयूसी सेंटरबाहेर, एक पाय तुटका असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून अंगठे दुखेपर्यंत टाइप करतेय. झालंय असं की माझी गाडी नुकतीच नापास झालीय. धुराच्या तपासणीत. आणि नापास झाल्यावर शहाण्या माणसानं जे करायचं असतं ते मी केलंच नाही. मी गाडीच्या मागं जाऊन उकिडवी बसले, सायलेन्सरजवळ नाक नेलं, डोळे मिटले आणि धुराचा वास घेतला. चारचौघांसमोर.

सेंटरवाले भाऊ धावतच आले. "मॅडम, चक्कर आली का? पाणी देऊ?"

"नाही हो, वास बघतेय."

"अहो, मग मशीन कशाला ठेवलंय आम्ही?"

आणि मला जे हसू फुटलं ना! कारण हेच वाक्य, अगदी हेच, सांगलीतल्या एका पीयूसीवाल्यानं आमच्या अण्णांना ऐकवलं होतं, आणि तेव्हा मी शेजारी उभी राहून लाजेनं मरत होते. आता तुम्ही अण्णांना कधी पाहिलेलं नाही, त्यामुळं तुम्हाला यात काय एवढं असं वाटेल. म्हणून पहिल्यापासून सांगते.

अण्णा म्हणजे बाबगोंडा अण्णा, आमचे सांगलीचे घरमालक. खाली ते आणि काकी, वर आम्ही. धंदा बेदाण्याचा. तासगावच्या वाटेवर त्यांची बेदाण्याची शेड होती, आणि सौद्यात, मालाच्या लिलावात, त्यांच्या नाकाला मान होता, म्हणजे खरोखरच मान. मूठभर बेदाणा घ्यायचे, कानाजवळ हलवायचे, नाकाला लावायचे आणि हा कुठल्या भागातल्या शेडचा, रंगासाठी दिलेली गंधकाची धुरी जास्त झाली का कमी, सुकताना रात्री थंडी होती का, सगळं सांगायचे. आणि ते बरोबर यायचं! इथपर्यंत ठीक होतं. पण अण्णांना वाटायचं की हेच नाक जगातल्या सगळ्या गोष्टींना चालतं. पेपर आला की आधी वास. नवीन भाडेकरू आला की त्याच्या सामानाचा वास. माझा बारावीचा निकाल दाखवायला गेले तर मार्क बघायच्या आधी त्यांनी कागद नाकाला लावला. "खरा हाय," म्हणाले. "वास खोटं बोलत न्हाई."

ते कलिंगडही वासावर घ्यायचे. प्रत्येक उन्हाळ्यात घरी पांढरं कलिंगड कापलं जायचं आणि काकी एक फोड वर आमच्याकडं पाठवून द्यायच्या, निरोपासकट: "नाकानं आणलंय, डोळं मिटून खा."

आता पांढरी. पांढरी म्हणजे त्यांची गाडी, माझ्यापेक्षा वयानं मोठी, कार्ब्युरेटरवाली. पांढरी हे नाव ती नवी असतानाचं. मी बघायला लागले तेव्हा तिचा रंग सायीच्या चहासारखा झाला होता. मी गाडी शिकले ती हिच्यावरच, आणि शिकवलं अण्णांनीच. "क्लच कसा सोडायचा? झोपलेल्या पोराच्या डोक्याखालनं हात काढतो न्हवं, तसा," असं सांगायचे. मी झटक्यात सोडला की गाडी उडी मारून बंद पडायची आणि अण्णा शांतपणे म्हणायचे, "पोरगं उठलं बग."

पण त्यांचं स्वतःचं चालवणं बघण्यासारखं होतं. मिरजेत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेही एकाच डोळ्याचं, कारण दुसऱ्याच्या वेळेला बेदाण्याचा हंगाम आला आणि पुढं ते राहूनच गेलं. त्यामुळं गाडी अण्णा चालवायचे आणि रस्ता काकी बघायच्या. मागच्या सीटवर बसून मी हे संवाद शेकडो वेळा ऐकलेत.

"आवं, डावीकडं म्हस."

"दिसतीया."

"ती न्हवं, दुसरी."

"दुसरी कुठाय?"

"आता मागं ऱ्हायली. तुमच्या नशिबानं."

त्यांचा मुलगा सन्मतीदादा पुण्यात. सरळ माणूस, अजिबात वाईट नाही, पण वडिलांना घाटात ही गाडी चालवताना त्यानं एकदा पाहिलं होतं आणि त्याची झोप उडाली होती. घाटात का, तर त्याची मुलगी, म्हणजे अण्णांची नात, पाचगणीला बोर्डिंगात. महिन्यातला एक रविवार भेटीचा, आणि त्या रविवारी बेदाण्याचा डबा घेऊन अण्णा-काकी पांढरीतून पाचगणीला जाणार म्हणजे जाणार. नातीच्या सगळ्या मैत्रिणी त्या डब्याची वाट बघायच्या. दादा म्हणायचा, मी ड्रायव्हर पाठवतो, एसटीनं जा, काहीही करा पण हे डबडं नको. अण्णा म्हणायचे, "डबडं कुणाला म्हणतोस? तुला मिरजंच्या दवाखान्यातनं हिच्यातनंच घरी आणलाय."

शेवटी त्या मे महिन्यात दोघांचा फोनवर करार झाला. पांढरीच्या पीयूसीची मुदत संपत होती. दादा म्हणाला, "पुढच्या रविवारी मी येतोय. तोवर गाडी पास झाली तर शब्द देतो, पुन्हा विषय काढणार नाही. नापास झाली तर मात्र भंगारात द्यायची आणि पाचगणीला ड्रायव्हर घेऊन जायचं. कबूल?"

"कबूल," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवून माझ्याकडं बघून हसले. "पास न व्हायला काय झालं? त्वा वास बघितलास न्हवं हिच्या धुराचा? उदबत्तीगत हाय."

सोमवारी गेलो. पीयूसीवाल्यानं नळी सायलेन्सरमध्ये घातली, मशीनकडं बघितलं, नळी काढली, पुसली, परत घातली. मग म्हणाला, "अण्णा, नापास. लय जास्त दाखवतंय." म्हणजे धुरात विषारी वायू भरपूर, पेट्रोल नीट जळत नाही. खरं तर सायलेन्सरमागं उभं राहिलं तरी पेट्रोलचा उग्र वास येत होता आणि डोळे चुरचुरत होते. पण अण्णा खाली बसले, डोळे मिटले, मोठा श्वास घेतला, खोकले, आणि निकाल दिला: "गाडीचा दोष न्हाई. पेट्रोलात खोट हाय." मशीनवालं वाक्य पीयूसीवाल्यानं टाकलं ते तेव्हाच.

मग काय, खोटं पेट्रोल संपवायला पाहिजे. काकींनी संधी सोडली नाही. मंगळवारी दिवसभर आम्ही काकींचे नातेवाईक फिरलो. चुलतबहीण, तिची जाऊ, कुणाच्या बारशाला जायचं राहिलं होतं ते बाळ, सगळं उरकलं. प्रत्येक घरी काकी हसून सांगायच्या, "सहज न्हाई आलो हो, पेट्रोल संपवाय आलोय." पेट्रोल संपलं, दुसऱ्या पंपावर भरलं, बुधवारी परत नळी घातली. परत नापास.

मी हळूच विचारलं, "अण्णा, मेस्त्रींना दाखवूया का?"

"मेस्त्रीकडं पाना असतोय, नाक न्हाई."

"मग निदान एअर फिल्टर तरी बघूया? हवा कमी जात असेल तर पेट्रोल अर्धवट जळतं म्हणे." हे मी मोबाइलवर वाचलं होतं, कबूल करते.

अण्णा दुखावलेच. "फिल्टर? त्यो म्या सोताच्या हातानं साफ केलाय. महावीर जयंतीच्या आदल्या दिशी. आरसा हाय आरसा." आणि अण्णांनी एखादी गोष्ट साफ केली म्हटलं की ती साफ, तिथं पुन्हा हात लावणं म्हणजे त्यांचा अपमान. तर फिल्टरचा विषय तिथंच मिटला. मिटायला नको होता, पण ते पुढं कळलं.

त्यांनी पुन्हा वास घेतला. या वेळी निदान असं निघालं की प्लग काळे आहेत, आणि गाडी थंड आहे. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासले. आणि थंडीवर उपाय काय, तर तिला जोरात पळवून, अंग तापवून, तशीच गरमागरम मशीनला लावायची. आता ही कल्पना वाईट नव्हती बरं का, नंतर मला कळलं की जुन्या गाड्यांना तापवून न्यावंच लागतं. शुक्रवारी दुपार कलल्यावर आम्ही तिघं मिरजेच्या पुढंपर्यंत पळवत गेलो. पळवत म्हणजे अण्णांच्या हिशेबानं. वाटेत दुधाचे कॅन लावलेल्या एका स्कूटरवाल्यानं आम्हाला मागं टाकलं आणि वळून बघितलं. पण गाडी तापली, हे खरं. अण्णा खुशीत. आता सरळ पीयूसी सेंटर!

आणि एवढ्यात काकी म्हणाल्या, "आवं, दिवस मावळतीला आलाय."

दिवस मावळायच्या आत जेवण. हा अण्णांचा आयुष्यभराचा नियम, प्रवासात असो, लग्नात असो, दवाखान्यात असो. काकींनी डबा बरोबर घेतलाच होता. अण्णांनी गाडी एका चिंचेखाली लावली, बंद केली, आणि दोघं शांतपणे, घासन्‌घास चावून जेवले. शेवटी ताकसुद्धा निवांत. मी मात्र एकदा बॉनेटला हात लावून बघत होते, एकदा सूर्याकडं. जेवण झालं, सूर्य गेला, आणि पांढरी पण चिंचेखालच्या वाऱ्यानं गार होऊन बसली.

सेंटर बंद व्हायच्या बेतात पोचलो. तिसऱ्यांदा नापास. पीयूसीवाला हसू दाबत म्हणाला, "अण्णा, तुम्ही जेवलाय असं दिसतंय. गाडी जेवली का?"

परवा दादा येणार होता. काकी काही टोमणा मारेनात, आणि काकी टोमणा मारत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर. अण्णांनी उगाच बॉनेट उघडलं, उगाच बॅटरीच्या वायरी हलवल्या. मी मोबाइलचा उजेड धरला होता. आणि त्या उजेडात बॅटरीच्या कडेला एक हिरवा बेदाणा.

एकच. लांबट, अंगानं भरलेला.

अण्णांनी तो उचलला, सवयीनं नाकाला लावला. मग हात खाली न घेता तसेच उभे राहिले. परत वास घेतला.

"आगं, इकडं ये," काकींना म्हणाले. "ह्यो आपला हाय."

"आपलाच असणार. दुसऱ्याचा बेदाणा तुमच्या गाडीत कोण टाकतंय?"

"तसं न्हवं. ह्याला गंधकाची धुरी न्हाई. बिनधुरीचा ह्यो. म्या यंदा बिनधुरीचा बेदाणा एकाच कामासाठी काढून ठेवला हुता."

आणि काकींनी कपाळावर हात मारून घेतला. मला काहीच कळेना. मग कळलं. शेडमध्ये उंदीर होते. बेदाण्याची शेड म्हणजे असणारच. बाकीचे शेडवाले औषध टाकतात, पिंजरे लावतात. अण्णांना जीव मारणं मान्य नाही. म्हणून त्यांनी उंदरांशी तह केला होता. एका कोपऱ्यात रोज पसाभर बेदाणा वाटीत ठेवायचा, म्हणजे उंदरांनी मालाला तोंड लावायचं नाही. आणि गंधक त्यांच्या पोटाला बाधेल म्हणून त्यांच्यासाठी खास बिनधुरीचा. आणि त्या कोपऱ्यात, त्या वाटीला अगदी खेटून, महावीर जयंतीपासून, म्हणजे फिल्टर आरशासारखा झाल्यापासून, हंगाम संपेस्तोवर कोण उभं होतं? पांढरी.

"खायला घातलंत," काकी म्हणाल्या. "मग ऱ्हायला जागा नको?"

अण्णांनी फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या, झाकण अलगद वर उचललं. मी सांगते तुम्हाला, डबा गच्च भरला होता. शेडनेटचे हिरवे धागे, सुतळीचा भुसा, फिल्टरचा कुरतडलेला कागद, आणि मधे मधे नीट लावून ठेवलेले बेदाणे, जणू कुणी साठवणीचं केलंय. हवा जाणार कुठून? आणि मधोमध, धाग्यांच्या वाटीत, गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी पिल्लं. शेजारी त्यांची आई. पळाली नाही. आमच्याकडं बघत बसली.

"आरं द्येवा," अण्णा एकदम हळू आवाजात म्हणाले, "ही पोरं आपल्यासंगं परीक्षंला बसून आली की रं!"

पीयूसीवाला डोकावून म्हणाला, "अण्णा, काय नाही, एक झटका मारा, बाहेर टाका सगळं, झाकण लावू नका. आत्ता पास करून देतो. तुमच्यासमोर."

आता बघा. मशीन चालू होतं. माणूस तयार होता. एका झटक्यात पांढरी पास, दादाचं तोंड बंद, पाचगणी पक्की. अण्णांनी त्या झाकणाकडं बघितलं, मशीनकडं बघितलं. आणि झाकण जसं उचललं होतं तितक्याच अलगद परत लावलं.

"डोळं तरी उघडू देत त्यांचं," म्हणाले.

"अहो, पण रविवारी दादा..." मी म्हटलं.

"त्याला डोळं हायत. त्याला समजंल."

त्या संध्याकाळी आम्ही सांगलीहून शेडवर ज्या वेगानं गेलो ना, तो वेग मी पुन्हा कधी बघितला नाही. खड्डा आला की काकी आधीच सांगायच्या, आणि या वेळी अण्णा उलट उत्तर देत नव्हते. शेडवर पोचल्यावर काकींनीच मार्ग काढला. "आवं, बिऱ्हाड हलवायचं न्हाई ना? मग घरासकट उचला. अख्खा डबाच काढून ठेवा त्या कोपऱ्यात. गाडीला दुसरा बघा." अण्णा काकींकडं असे बघायला लागले, जसं सौद्यात एखादा पहिल्या नंबरचा माल बघतात. आम्ही पाना घेतला, डबा जसाच्या तसा सोडवला, कोपऱ्यात ठेवला आणि शेजारी वाटी. काकी म्हणाल्या, "लाइटबिल तेवढं कुणाच्या नावावर येणार ते ठरवा."

शनिवारी सकाळी जुन्या गाड्या मोडतात त्या गल्लीत गेलो. मी आणि अण्णा दोघंच. पांढरी डब्याशिवाय अशी घुरघुरत होती की लोक वळून बघत होते. तिथं आत मोकळ्या जागेत पांढरीच्याच जातीच्या गाड्या ओळीनं उभ्या. काहींना दारं नाहीत, काहींना चाकं नाहीत. एकीच्या मागच्या काचेवर कुणा लहान मुलानं चिकटवलेली फुलपाखरं तशीच होती. भंगारवाला मामा बोलका होता. डबा काढता काढता म्हणाला, "अण्णा, डबा कशाला नेताय, अख्खी गाडीच सोडा की हितं. येळ वाचंल."

एरवी अण्णांनी त्याला तिथल्या तिथं वाळवला असता. पण ते ओळीतून फिरत होते. फुलपाखरांच्या गाडीजवळ थांबले, वास वगैरे काही न घेता नुसता हात ठेवला.

"ही आली तवा चालत हुती?"

"न्हाई. ओढून आणली."

"आन् ती?"

"सगळ्याच ओढून. चालती गाडी कोण देतंय हितं?"

अण्णांनी मान हलवली. परतताना काकी नव्हत्या. मीच "डावीकडं म्हैस" वगैरे सांगत आले.

डबा बसवला, नवा फिल्टर घातला, मी हट्टानं गाडी तापवली आणि काकींना सक्त सांगितलं की दिवस मावळायला अजून पुष्कळ अवकाश आहे, जेवणाच्या डब्याचं नाव काढायचं नाही. नळी घातली. पीयूसीवाल्यानं मशीनकडं बघितलं आणि मुद्दाम आधी नळी पुसून गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "पास." मी नाचले. काकींनी पदरानं डोळे पुसले आणि वर म्हणाल्या, "धूर गेला डोळ्यात." अण्णांनी सर्टिफिकेट हातात घेतलं. काय केलं असेल? वास घेतला. "खरं हाय," म्हणाले.

रविवारी दादा आला. त्याला अख्खी कथा सांगितली, तो शेडवर जाऊन डबा बघून आला, पिल्लं बघून आला, आणि येऊन नुसता हसत राहिला. "ठेवा गाडी," म्हणाला. "मी शब्द दिलाय. पण घाटात जपून, बाबा."

शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या भेटीच्या रविवारी आम्ही निघालो. मला अण्णांनी मुद्दाम बरोबर घेतलं होतं. वाईपर्यंत छान. पसरणीच्या घाटात धुकं उतरलेलं. अण्णा पुढं वाकून चालवत होते आणि काकी बोलत होत्या, "वळण... ट्रक... कडंला दगड..." आणि एकदम किंचाळल्या, "दगड न्हवं, माणूस!" अण्णांनी ब्रेक मारला. घोंगडं पांघरून एक म्हातारा रस्त्याकडेला बसला होता. अगदी हातभर अंतरावर. तो सावकाश उठला, आमच्याकडं बघितलं, आणि निघून गेला. कुणालाच काही झालं नाही. पण पाचगणीपर्यंत अण्णांनी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.

वर नात पळत आली, डबा घेतला, मैत्रिणींचा घोळका झाला. अण्णांनी त्यांना उंदराच्या बिऱ्हाडाची गोष्ट सांगितली, हातवारे करून, पिल्लांचा आवाज काढून. पोरी हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. नातीनं विचारलं, "आजोबा, मग त्यांनी डोळे उघडले?" "उघडलं की. आन् घर सोडून गेली बी. भाडं न देता."

निघताना मी नेहमीसारखी मागच्या दाराकडं गेले. अण्णा डावीकडच्या सीटवर जाऊन बसलेले. किल्ली माझ्यासमोर धरली.

"खाली तू घे. आन् आता तूच ठेव."

मला वाटलं घाटापुरतं म्हणतायत. "अण्णा, अहो, पास झालीय की गाडी! दादानं शब्द दिलाय."

"म्हणून तर," ते म्हणाले. "चालती हाय तवर द्यायची. ओढून न्हेऊ द्यायची न्हाई." मग जरा थांबून, "त्यो म्हातारा मला दिसलाच नव्हता गं."

मी क्लच सोडला. झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढल्यासारखा, आयुष्यात पहिल्यांदाच इतका अलगद. पांढरीनं उडी मारली नाही. अण्णा समोर बघत म्हणाले, "पोरगं उठलं न्हाई बग." आणि मागून काकी, सवयीनं, "डावीकडं म्हस." खरंच होती.

अण्णांनी त्यानंतर गाडी चालवली नाही, पण शेजारी बसून मला वासावरून गिअर सांगत राहिले, सगळे चुकीचे. गेल्या वर्षी, हंगाम संपता संपता, झोपेतच गेले. मी तेव्हा नोकरीला साताऱ्यात आले होते. भेटायला गेले तर काकींनी माझ्या हातात बेदाण्याची पिशवी दिली. म्हणाल्या, "बिनधुरीचा हाय. तुझ्याकडं उंदीर हायत का?"

आहेत. आमच्या पार्किंगच्या मागं आहेत, आणि वाटी मी ठेवते. पण गाडीपासून लांब, पार दुसऱ्या टोकाच्या भिंतीशी! एवढं शिकलेय. म्हणून आत्ता नापास झाल्यावर मी आधी वास घेतला (काही कळलं नाही, डोळे मात्र चुरचुरले), मग फिल्टरच्या डब्याचं झाकण अलगद उघडलं. आरसा. कुणी नाही. जरा वाईटच वाटलं, खरं सांगते. मग आठवलं, घरातून निघाले आणि सरळ इथंच आले, पांढरी थंडच होती. तर हायवेपर्यंत पळवून आणली, मधे कुठंही जेवायला न थांबता, आणि नंबर येईपर्यंत, इंजिन चालूच ठेवून, तुम्हाला लिहायला बसले. भाऊंनी आत्ताच नळी घातलीय. थांबा, बोलावतायत.

पास!!! सर्टिफिकेट हातात आहे आणि मी त्याचा वास घेतेय आणि भाऊ माझ्याकडं बघतायत.

आता तुम्ही सांगा. तुमच्या कुणाच्या गाडीत, कूलरमध्ये, माळ्यावरच्या मिक्सरच्या खोक्यात असं कुणी बिऱ्हाड केलंय का कधी? आणि खरं खरं सांगा हं, तेव्हा तुम्ही झटका मारलात, की झाकण परत अलगद लावलंत?